‘नाही’ म्हणायचे पैसे

आपल्याला कुणीतरी ‘नाही’ म्हणावं, यासाठी तुम्ही कधी पैसे मोजलेत? मी मोजलेत. तेही डॉलरमध्ये! फ्रीलान्सिंगचे तीन महिन्यांचे चेक एकत्र केले तर जेवढे होतील तेवढे. माझ्या मावसभावानंही मोजले. त्याला तर ते जास्तच महागात पडले, कारण तेव्हा त्याला नोकरी नव्हती.

थांबा, नीट पहिल्यापासून सांगते.

आमचा दादा गेली नऊ वर्षं सिएटलजवळच्या रेडमंडला होता. सॉफ्टवेअर, दुसरं काय! सिएटलच्या बाजूला आठ महिने ढग आणि रिपरिप. पण आकाश उघडलं की माणूस रस्त्यात थबकतो. शहराच्या चारी अंगांना नुसते डोंगर, आणि त्या सगळ्यांच्या डोक्यावरून मान वर काढलेले काही पांढरेशुभ्र शंकू. दक्षिणेला माउंट रेनिअर, ४,३९२ मीटर. उत्तरेला, पार कॅनडाच्या सीमेजवळ, माउंट बेकर, ३,२८६ मीटर. हे डोंगर ज्वालामुखी आहेत. मेलेले नाहीत, झोपलेले.

दादाचा जीव बेकरवर जडला होता. नुसता चढायचा नव्हता त्याला, स्की लावून चढायचा होता आणि स्कीवरूनच खाली यायचं होतं. त्याला म्हणतात स्की माउंटेनीअरिंग. सिनेमात दिसतं तसं लिफ्टमध्ये बसून वर आणि घसरत खाली, असा हा प्रकार नाही. इथे लिफ्ट नाही, हॉटेल नाही, तयार केलेला उतार नाही. आपलं ओझं आपल्या पाठीवर, आपली वाट आपण पाडायची. स्कीच्या तळाला ‘स्किन’ नावाची पट्टी चिकटवतात. पूर्वी ती सीलच्या कातड्याची असायची, आता नायलॉनची किंवा मोहेर लोकरीची. तिची लव एका दिशेला असते, त्यामुळे स्की पुढे सरकते पण मागे घसरत नाही. बुटाची टाच मोकळी ठेवून तासन् तास चालत चढायचं. वर पोचलं की स्किन्स सोलून काढायच्या, टाच खटकन बंद करायची आणि खाली सुटायचं. सहा तासांचा चढ, तासाभराचा उतार. हिशेब मांडला तर तोट्याचाच धंदा. पण करणारे वेडे होऊन करतात.

मी यात कुठून आले? मी दोन हिवाळे गुलमर्गला चौदा-चौदा दिवसांचे सरकारी स्की कोर्स केलेत. नंतर एक मोठं काम संपवून जानेवारीत दादाकडे गेले, ती मेपर्यंत राहिले. दर शनिवारी तो मला गाडीत घालून बर्फात न्यायचा. फेब्रुवारीत आम्ही बेकरची तीन दिवसांची गाइडेड ट्रिप बुक केली. फॉर्ममध्ये एक प्रश्न होता : ‘कोणत्याही प्रकारच्या बर्फावर ब्लॅक रन, म्हणजे तीव्र उतार, तुम्ही आत्मविश्वासानं उतरू शकता का?’

मी ‘हो’वर टिक केलं.

खरं उत्तर होतं, ‘कसंबसं, मध्ये दोनदा पडून.’ पण बायोडेटामध्ये आपण ‘फ्लुएंट इन फ्रेंच’ लिहितोच ना? तसंच.

एप्रिलमध्ये दादाची नोकरी गेली. सकाळी मेल आला, दुपारपर्यंत लॅपटॉप बंद. एच-वन-बी व्हिसावर असलेल्याची नोकरी गेली की साठ दिवसांत दुसरी शोधायची, व्हिसाची दुसरी सोय करायची, नाहीतर गाशा गुंडाळायचा. आम्ही बेकरला निघालो तेव्हा साठातले एकोणीस दिवस संपले होते. ट्रिप रद्द केली तर पैसे परत मिळणार नव्हते. वहिनी म्हणाली, “जा रे बाबा. घरात बसून तरी काय, फोनकडेच बघत बसशील.”

म्हणून दादासाठी ती नुसती ट्रिप नव्हती. नऊ वर्षं खिडकीतून बघितलेल्या डोंगरावर जायची ती बहुतेक शेवटची संधी होती.

आता हे ज्वालामुखीचंच खूळ का, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं होतं. आपला सह्याद्रीसुद्धा ज्वालामुखीचीच देणगी, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची. पण तिथे जमिनीच्या भेगांतून लाव्हा बाहेर पडला आणि थरावर थर पसरला. म्हणून आपल्याकडे कडे आणि पायऱ्या-पायऱ्यांचे डोंगर. बेकरसारखे ज्वालामुखी एकाच जागी राख आणि लाव्हा साठत साठत शंकूसारखे उभे राहिले. आजूबाजूला एकही बरोबरीचा नाही, आणि उतार वरून खालपर्यंत सलग. स्कीवाल्याला यापेक्षा काय हवं? त्यात प्रशांत महासागराकडून येणारी वाफ यांच्यावर आदळते. बेकरच्या शेजारच्या स्की एरियात १९९८-९९ च्या हंगामात १,१४० इंच बर्फ पडला होता. म्हणजे जवळजवळ २९ मीटर, नऊ मजली बिल्डिंगएवढा! तो जगातला विक्रम मानला जातो.

पण जे सुंदर तेच घातकही. शंकूच्या टोकावर धुकं आलं आणि उतरताना दिशा जराशी चुकली, की खाली पोचेपर्यंत माणूस भलत्याच खोऱ्यात निघतो. वरून निघताना चूक दोन पावलांची, खाली ती होते काही किलोमीटरची. हिमनदीत बर्फाला खोल भेगा असतात, त्यांच्यावर हिवाळ्यात बर्फाचे पूल तयार होतात आणि भेग दिसेनाशी होते. शिवाय डोंगराचा स्वतःचा श्वास! जमिनीतून येणारी गरम वाफ आणि वायू वरचा बर्फ आतून पोखरतात. एप्रिल २००६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॅमथ माउंटन या ज्वालामुखीवर अशाच एका झडपेभोवती कुंपण घालत असताना बर्फ खचून स्की पेट्रोलचे दोघे आत पडले. त्यांना काढायला उतरलेला तिसराही परत आला नाही. आत हवा नव्हती, कार्बन डायऑक्साइड होता. ही माणसं रोज त्याच डोंगरावर काम करणारी होती.

म्हणून गाइड. आमची गाइड चाळिशीची बाई होती. बारीक चणीची, उन्हानं रापलेली, बोलायला मोजकी. तिच्याबरोबर तिचा एक तरुण जोडीदार आणि आम्ही चार गिऱ्हाईकं. पहिल्या दिवशी बर्फ सुरू होईपर्यंत स्की पाठीला बांधून चाललो, मग इस्टन हिमनदीच्या कडेनं वर जाऊन साधारण १,८०० मीटरवर तंबू ठोकले. दुपारभर तालीम. बीकन म्हणजे गळ्यात अडकवायचा छोटा रेडिओ, तो बर्फाखाली गाडलेल्या माणसाचा सिग्नल पकडतो. बीकननं जागा शोधायची, लांब काठीनं टोचून नक्की करायची, मग फावड्यानं उपसायचं. हिमप्रपातात गाडल्या गेलेल्या माणसासाठी पहिली दहा-पंधरा मिनिटंच काय ती महत्त्वाची. हेलिकॉप्टर एवढ्यात येत नसतं. जे वाचवतात ते बरोबरचेच. गाइडनं एक बॅग बर्फात पुरली आणि मला शोधायला लावली. मला अकरा मिनिटं लागली. ती काही बोलली नाही, फक्त घड्याळ दाखवलं.

संध्याकाळी बर्फ वितळवून पाणी करताना तिनं बेकरची एक गोष्ट सांगितली.

मार्च १९७५ मध्ये बेकरच्या शर्मन क्रेटरमधून अचानक वाफेचे लोट निघायला लागले. शास्त्रज्ञांना भीती वाटली ती विवराची भिंत कोसळेल याची. ती कोसळून चिखल-दगडांचा लोंढा खालच्या बेकर लेकमध्ये घुसला तर? म्हणून धरणाची पातळी कमी केली, तळ्याकाठच्या जागा लोकांना बंद केल्या. ऐन सुट्ट्यांचा हंगाम! ज्यांचा धंदा पर्यटकांवर, ते अर्थातच वैतागले. आणि शेवटी काय झालं? काहीच नाही. डोंगर धुमसला आणि गप्प बसला. पुढच्या वर्षी तळं पुन्हा उघडलं.

“मूर्खपणाच वाटला असेल लोकांना,” दादा म्हणाला.

“वाटलाच,” ती म्हणाली. “मग १९८० साल आलं.”

सेंट हेलेन्सची गोष्ट दादाला पाठ होती, मला नव्हती. त्याच पर्वतरांगेत दक्षिणेला हा दुसरा ज्वालामुखी. मार्च १९८० पासून तो धुमसत होता, भोवतालचा भाग बंद केलेला होता. तिथे ज्यांची सुट्टीची घरं होती ते चिडले. आमची घरं, आमची जमीन, आम्ही टॅक्स भरतो, आम्हाला का अडवता? दबाव इतका वाढला, की शनिवारी १७ मे रोजी पोलिसांच्या पहाऱ्यात घरमालकांच्या एका ताफ्याला आत सोडलं. लोक सामान घेऊन सुखरूप परतले. दुसरा ताफा रविवारी सकाळी दहाला आत जायचा होता.

रविवारी सकाळी ८ वाजून ३२ मिनिटांनी डोंगराची उत्तर बाजू फुटली. ५७ माणसं गेली. शिखराची उंची सुमारे ४०० मीटरनं कमी झाली. दीड तासाचा फरक. दहाचा ताफा आठला निघाला असता तर?

रात्री झोपच लागली नाही. उंची, थंडी, आणि ती ‘हो’वरची टिक.

अडीचला उठलो, चारला निघालो. हेडलॅम्पचे सहा ठिपके, एकमेकांना दोरानं बांधलेले. पहाटेचा बर्फ काचेसारखा टणक. स्कीखाली दातेरी क्रॅम्पॉन लावूनही पाय सरकत होता. खरी पंचाईत वळणावर. चढावर दिशा बदलताना ‘किक टर्न’ मारावा लागतो, म्हणजे एका पायावर तोल सांभाळून दुसऱ्या पायातली पावणेदोन मीटरची स्की हवेत गरकन उलटी फिरवायची. सपाटीवर जमतं हो. तीस अंशांच्या बर्फावर, अंधारात, दोराला पाच जण बांधलेले असताना माझे गुडघे लटपटायला लागले. प्रत्येक वळणावर मी थांबत होते. मी थांबले की सगळे थांबत होते. दोरावर ही एक गंमत आहे, सगळ्यात हळू माणसाचा वेग तोच सगळ्यांचा वेग. आपल्या प्रोजेक्ट टीमसारखंच म्हणा ना!

नऊच्या सुमारास उजाडलेल्या उन्हात सडक्या अंड्यांचा वास यायला लागला. गंधक. शर्मन क्रेटरच्या काठावर पोचलो तेव्हा आतून वाफ निघताना दिसत होती आणि कुकरची शिटी व्हायच्या आधी येतो तसा आवाज येत होता. भोवती सगळं पांढरं, गोठलेलं, आणि मधोमध पृथ्वीचं पोट उकळतंय. मी आयुष्यात असं काही पाहिलं नव्हतं.

पण घड्याळात अकराला दहा कमी होते. तिथे आम्ही दहाला पोचणं अपेक्षित होतं. आदल्या रात्री गाइडनं स्पष्ट सांगितलं होतं : अकरा वाजता जिथे असू तिथून मागे.

समोर रोमन वॉल. शेवटचा सगळ्यात उभा टप्पा. त्याच्यावर सपाट माथा आणि मग शिखर. जेमतेम साडेतीनशे मीटर. आतकरवाडीतून सिंहगड चढतो त्याच्या साधारण निम्मा!

गाइडनं स्कीची काठी बर्फात खुपसली. काढली. पुन्हा खुपसली. वरून बर्फाचे छोटे छोटे गोळे उतारावरून गडगडत येत होते, लाडवांसारखे. ती म्हणाली, “इथून मागे.”

दादा म्हणाला, “फक्त दीड तास.”

“दीड तास वर. मग खाली. परत या जागी एक वाजून जाईल. तोपर्यंत भिंतीवरचा बर्फ पाण्यानं जड होईल, आणि खालच्या भेगांवरचे पूल मऊ.”

“आत्ता तर सगळं ठीक दिसतंय.”

“आत्ता ठीकच आहे. म्हणून तर आत्ता वळायचं.”

तेवढ्यात दुसरी चौघांची टोळी आमच्या बाजूनं वर गेली. गाइड नव्हता त्यांच्याबरोबर. दादानं त्यांच्याकडे बोट दाखवलं. काही बोलला नाही, पण बोट बराच वेळ तसंच होतं. मग तो इंग्रजी सोडून एकदम मराठीत माझ्याकडे वळला. “सांग ना गं तिला. मी पुन्हा कधी येणारे इथे? पुढच्या महिन्यात मी या देशात असेन की नाही तेही माहीत नाही.”

तिला शब्द कळले नसतील, अर्थ कळला असावा. ती म्हणाली, “शिखर झालं की लोक टिप चांगली देतात, पुढच्या वर्षी मित्रांना पाठवतात. मागे फिरवलं की देत नाहीत. तुम्हाला वर नेण्यात माझाही फायदाच आहे. तरी मी नाही म्हणतेय. एवढं लक्षात घ्या.”

आम्ही वळलो.

आणि आता ऐका. तो उतार माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुंदर उतार होता! मे महिन्यात बर्फ रात्री गोठतो आणि सकाळच्या उन्हात फक्त वरचा एखाद-दोन सेंटिमीटर थर सुटतो. मक्याच्या दाण्यांसारखा, म्हणून त्याला ‘कॉर्न’ म्हणतात. फार लवकर उतरलात तर काच, फार उशिरा उतरलात तर चिखल. मधला काही वेळच लोण्याचा. आम्ही नेमके त्या वेळात उतरलो. माझ्यासारखीलाही वळणं जमली. दादा पुढे होता. एकदाही थांबला नाही, एकदाही मागे बघितलं नाही.

दुपारी तंबूपाशी बसलो होतो, तेव्हा ती चौघं वरून आली. शिखर करून. हसत, ओरडत, उन्हानं लालबुंद होऊन. आम्हाला हात करून खाली निघून गेली. काही पडलं नाही, काही तुटलं नाही, कुणी भेगेत गेलं नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे ढग खाली उतरले, दहा फुटांवरचं दिसेना. पुन्हा प्रयत्न करायचा प्रश्नच नव्हता.

सिनेमा असता तर संध्याकाळी रोमन वॉल कोसळली असती आणि आम्ही गाइडचे पाय धरले असते. तसं झालं नाही. खरं सांगायचं तर बहुतेक वेळा होतच नाही. मागे वळलेल्या माणसाला आपण बरोबर होतो की नाही हे कधीच कळत नाही. न झालेल्या अपघाताचा फोटो निघत नाही. बेकर लेक बंद करणाऱ्यांनाही १९७५ मध्ये कुणी शाबासकी दिली नव्हती. आणि १७ मे १९८० ला ज्यांनी ताफा आत सोडला, ते त्या संध्याकाळी शहाणेच ठरले होते.

आपल्या ऑफिसात हे रोज होतं. डेडलाइन पाळून माल पाठवणाऱ्याचं अप्रेझलमध्ये कौतुक होतं. ‘थांबा, हे अजून तयार नाही’ म्हणणारा निगेटिव्ह ठरतो. त्याच्यामुळे काय टळलं याचा कॉलम कुठल्याच एक्सेल शीटमध्ये नसतो. त्यात एवढे पैसे घातलेत, एवढे महिने घातलेत, आता जेमतेम साडेतीनशे मीटर राहिलेत… या एका हिशेबापायी माणसं किती वाईट नोकऱ्या, किती वाईट प्रोजेक्ट्स आणि किती वाईट लग्नं ओढत नेतात! गाइडला आम्ही पैसे दिले ते वाट दाखवायचे, असं मला वाटत होतं. वाट तर नकाशावरही असते. पैसे होते ते अकरा वाजता, निरभ्र आकाशाखाली, चार नाराज गिऱ्हाइकांसमोर ‘नाही’ म्हणायचे. ते आपलं आपल्याला म्हणता येत नाही म्हणून.

तुम्हाला असं काही करायचं असेल तर तीन गोष्टी सांगते. एक, आधी स्की शिका. गुलमर्ग आहे, औली आहे. दोन, गाइडकडे स्की गाइडिंगचं प्रमाणपत्र आहे का ते विचारा. नुसता चांगला गिर्यारोहक असणं वेगळं आणि हे वेगळं. आणि मागे फिरायची वेळ कोण ठरवतं, तेही निघायच्या आधी विचारा. तीन, फॉर्म खरा भरा!

त्यावरून आठवलं. परतताना गाडीत शेवटी मी दादाला सांगून टाकलं. म्हटलं, “दादा, उशीर माझ्यामुळे झाला. मी फॉर्मवर खोटं लिहिलं होतं. मला ब्लॅक रन धड येत नाही.”

तो बराच वेळ रस्त्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “अगं, जानेवारीपासून दर शनिवारी तुझ्याबरोबर स्की करतोय. मला माहीत नव्हतं होय? मला एकट्याला जायचं नव्हतं, म्हणून गप्प बसलो.”

पुढे बेलिंगहॅमपर्यंत कुणीच काही बोललं नाही. तिथे उतरून आम्ही कॉफी घेतली, आणि गाइडला द्यायच्या टिपमध्ये आपण कंजूषपणा केला का, यावर दोघांचं पहिल्यांदा एकमत झालं. केला होता. घरी पोचल्यावर दादानं मेल करून उरलेली पाठवली.

साठ दिवसांत नोकरी मिळाली नाही. दादा-वहिनी आता बाणेरला राहतात. सामानातलं बरंच काही त्यांनी तिकडेच विकलं, स्की मात्र विमानातून आणल्या. त्या सध्या मावशीच्या माळ्यावर आहेत, गणपतीच्या मखराच्या शेजारी. यंदा मखर काढताना मावशीनं विचारलं, “हे लांबडं काय अडगळ आहे? टाकून देऊ का?”

दादा शिडीवरूनच म्हणाला, “नाही.”